पॉइंट बावीसपर्यंत

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि तूर फुलाला आली होती. सकाळी वावरात गेलो तर वरच्या धुऱ्यापासून विहिरीपर्यंत तुरीचा पट्टा मोडलेला. शेंडे खुडलेले, फांद्या फाटलेल्या, आणि ओल्या काळ्या मातीत चार बोटं खोल रुतलेले खुरांचे ठसे. धुऱ्यावरच्या बाभळीखाली लेंड्यांचा ढीग, नेहमीच्याच जागी. रोही, म्हणजे नीलगाय, ठरलेल्या ठिकाणी येऊन लेंड्या टाकतं, त्यामुळे तो ढीग पाहिला की कळप रात्री येऊन गेला की नाही हे आम्हाला लगेच कळतं. त्या दिवशी ढीग ताजा होता.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या खोऱ्यात. सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाण्याच्या सोयीप्रमाणे थोडी हळद. रोही आणि रानडुकरं आमच्या वडिलांच्या काळातही होती, पण एवढी नव्हती. पंचनामा होतो, थोडीफार भरपाई मिळते. पण मोडलेल्या तुरीकडे पाहताना माणसाला भरपाई आठवत नाही. त्या दिवशी मला रायफल आठवली.

त्याला दुसरंही कारण होतं. कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. कॅम्पला पॉइंट बावीसची, म्हणजे ०.२२ इंची नळीची, रायफल हातात मिळाली, पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील अशा बसल्या. हवालदार साहेबांनी कागद वर धरून सगळ्या पलटणीला दाखवला होता. पुढे शेती, दुकान, संसार यांत ते मागे पडलं, पण श्वास अर्धा सोडून, थांबून, चाप हळू ओढतानाची ती शांतता वीस वर्षांत मी विसरलो नव्हतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा दुकान उघडं ठेवून मोबाइलवर ती फायनल पाहिली होती. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. तीच पॉइंट बावीस.

मग ठरवलं, एकच रायफल घ्यायची. रविवारी रेंजवर टार्गेटला चालेल आणि वेळ पडली तर रोह्याला आणि डुकरालाही चालेल अशी. दोन्ही कामांना पुरेल असं बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, कोणतं, एवढाच प्रश्न आहे असं मला वाटत होतं. त्याच्या उत्तरासाठी दहा महिने गेले.

सुरुवातीला रात्री रात्री बाहेरच्या देशातले व्हिडिओ पाहिले. तिकडे या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. कुणी पॉइंट थ्री-झिरो-एट सांगतो, कुणी थर्टी-झिरो-सिक्स, नवे लोक सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर. थ्री-झिरो-एट १९५२ साली बाजारात आलं, थर्टी-झिरो-सिक्स त्याहून जुनं, १९०६ चं. गोळीचं वजन, वेग, तीनशे मीटरवर किती खाली येते, सगळं वहीत उतरवलं. ती वही घेऊन छत्रपती संभाजीनगरला एका जुन्या शस्त्रांच्या दुकानात गेलो.

दुकानदार सत्तरीच्या पुढचे. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि पेन घेऊन पहिल्या ओळीवर काट मारली.

"थ्री-झिरो-एट म्हणजे लष्कराचं सेव्हन पॉइंट सिक्स टू. ते पीबी. थ्री-नॉट-थ्री पीबी. नाइन एमएम पीबी. या वाटेला जाऊ नका."

पीबी म्हणजे प्रतिबंधित बोअर, एनपीबी म्हणजे अप्रतिबंधित. आपल्याकडे रायफलचा विचार गोळीच्या गुणावरून सुरूच होत नाही, आधी ही रेघ ओलांडावी लागते. लष्कर आणि पोलीस जे बोअर वापरतात ते साध्या नागरिकाला सहसा मिळत नाही. ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची. म्हणून तर इथे थ्री-फिफ्टीन नावाचं एक वेगळंच बोअर रुजलं, आठ मिलिमीटरचं, जे बाहेरच्या शौकिनांना फारसं माहीतही नसतं.

शेठनी काचेखालून थ्री-फिफ्टीनचं एक रिकामं काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळेचं, बुडाशी कडा बाहेर आलेली, माझ्या करंगळीपेक्षा जाड. बुडावर बारीक अक्षरं होती, केएफ. "किर्की फॅक्टरी," ते म्हणाले, "म्हणजे आपली खडकी." रायफल बंगालच्या ईशापूरची, जुन्या ली-एन्फिल्डच्या धाटणीची, बोल्ट मागे ओढून भरायची. गोळी जवळपास सोळा ग्रॅमची. तिच्याशेजारी त्यांनी पॉइंट बावीसची गोळी ठेवली. तिचं शिसं अडीच ग्रॅमच्या थोडं वर. आकड्यांत सांगायचं तर बावीसच्या गोळीचा जोर नळीच्या तोंडाशी दोनशे ज्यूलच्या आत, थ्री-फिफ्टीनचा तीन हजारांच्या आसपास. पण ते दोन तुकडे हातावर एकत्र पाहिले तेव्हा वहीतले सगळे आकडे मला पहिल्यांदा खरे वाटले.

"आणि थर्टी-झिरो-सिक्स?" मी विचारलं.

"मिळतं. एनपीबी आहे. रायफल चांगली, नेमाला उत्तम. पण गोळ्या परवडायला हव्यात आणि वेळेवर मिळायलाही हव्यात. तुम्ही महिन्याला किती झाडणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेमबाजी शिकणारा माणूस एका सत्रात चाळीस-साठ गोळ्या झाडतो. थ्री-फिफ्टीनच्या एका काडतुसाच्या पैशात बावीसच्या कितीतरी गोळ्या येतात, आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. मोठ्या बोअरवर सराव करायचा तर वर्षाचा कोटा दोन रविवारांत संपेल. टार्गेटचा अर्धा प्रश्न तिथल्या तिथे सुटला होता, पण मी मानायला तयार नव्हतो.

पुढचा महिना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत गेला. तिथल्या एका लिपिकांनी मला फार मोठी मदत केली. मी अर्जात कारण लिहून नेलं होतं, "पीक संरक्षण व खेळ". त्यांनी विचारलं, "नेमकं काय? दोन्हीला एकच हत्यार लिहू नका." आणि शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम १३ माझ्यासमोर उघडून ठेवलं.

ते कलम मी तिथेच बाकावर बसून तीन वेळा वाचलं. त्यात तीन हत्यारं वेगवेगळी सांगितली आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेटच्या सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल किंवा एअर रायफल. बाकी सगळ्याला "सबळ कारण" दाखवावं लागतं आणि ते पटलं तरच परवाना. मी दहा महिने ज्या एका बोअरच्या शोधात फिरणार होतो, ते कायदा लिहिणाऱ्यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच तीन ठिकाणी वाटून ठेवलं होतं.

शिकारीबद्दल तर इथे स्पष्टच सांगतो, कारण गावोगावी याबद्दल फार गैरसमज आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आता आपल्याकडे खेळ म्हणून शिकार नाही. परवाना असलेली बंदूक म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रोही आणि रानडुक्कर उभ्या पिकाचं नुकसान करत असतील तर कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती तेवढ्यापुरतीच असते. काळविटाला तर हातच लावायचा नाही, ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. आमच्या भागात शिकारीच्या गोष्टी निजामाच्या काळापासून सांगितल्या जातात आणि लोक अजून त्याच हिशोबाने बोलतात. तो काळ गेला, आणि गेला ते चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं.

लिपिकांच्या सल्ल्याने आधी एका रायफल क्लबचा सभासद झालो. दर रविवारी जाऊन-येऊन सगळा दिवस मोडायचा. तिथले प्रशिक्षक लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माझी एनसीसीची कहाणी ऐकून घेतली आणि हातात एअर रायफल दिली. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, दहा मीटर. तिथलं दहाचं वर्तुळ म्हणजे नुसता ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. पहिल्या दिवशी माझे साठ छर्रे सगळ्या कागदभर फिरले. एनसीसीतला रुपया वीस वर्षांत कुठे गेला तेच कळेना.

"बोअरचं नंतर बघू," सुभेदार साहेब म्हणाले. "आधी खांदा, गाल आणि चाप. तीन महिने मला गोळीचं नाव ऐकवू नका."

मी ऐकवलं नाही. तीन महिन्यांत डाव्या कोपराखालची जागा ओळखीची झाली, बटवर गाल रोज एकाच ठिकाणी टेकू लागला. मग त्यांनी ५० मीटरवर क्लबची पॉइंट बावीस दिली. पालथं पडून, हाताला स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, आवळून, मागच्या बारीक भोकातून पुढचं गोल कडं आणि त्यात काळं टार्गेट. इथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. चाप सुटला की बावीस खांद्याला धक्का देत नाही, फक्त एक हलका ठेका देते, आणि त्यामुळे गोळी सुटताना आपण नेमकं काय चुकलो ते डोळ्यांना दिसतं. शिकणाऱ्याला बावीसच का देतात, ते त्या दिवशी माझ्या शरीराला समजलं.

एका रविवारी क्लबचे एक जुने सभासद त्यांची थ्री-फिफ्टीन घेऊन सरावाला आले. मी मागे बसून पाहिलं. दुसऱ्याच्या परवान्यावरची रायफल आपण हातात घ्यायची नाही हे सुभेदार साहेबांनी आधीच बजावलं होतं. कान झाकलेले असूनही पहिला बार माझ्या छातीत जाणवला. समोरच्या मातीच्या भरावातून धुळीचा लोट उठला. माणूस जाणता होता, उघड्या साइटवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसवल्या त्यांनी. चौथीला मात्र बार व्हायच्या आधीच त्यांचा खांदा आखडलेला मला दुर्बिणीतून दिसला, आणि ती गोळी वर गेली. दहा गोळ्यांनंतर त्यांनी रायफल पुसून ठेवून दिली.

"हिची गोळी कुठवर जाते?" मी विचारलं.

"नेम शंभर मीटरचा धरा," सुभेदार साहेब म्हणाले. "पण गोळी जाते दोन किलोमीटरच्या पुढे. ही बावीससुद्धा दीड किलोमीटर जाते, लहान म्हणून हलक्यात घेऊ नका. इथे मागे भराव आहे म्हणून मी बिनधास्त आहे. तुमच्या शेतात मागे काय आहे?"

त्या आठवड्यात आमच्याकडे पंपाला लागणारी थ्री फेजची लाईट रात्रीची होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हरभऱ्याला पाणी चालू होतं आणि मी जागलीला माळ्यावर, म्हणजे मचाणावर, होतो. दोनच्या सुमाराला खालच्या अंगाला तुरीत काहीतरी खसखसलं. बॅटरी मारली तर दोन हिरवट डोळे चमकले, मग आणखी दोन. मी श्वास रोखला. हाताशी रायफल असती तर हीच ती वेळ होती.

बॅटरी तशीच धरून मी डोळ्यांच्या मागे पाहिलं. शंभर पावलांवर शेजाऱ्याच्या वावरात एक उजेड हलत होता, तो पाणी देत होता. त्याच्या पलीकडे दुसरा. नदीच्या बाजूला तीन-चार. मी मोजले, समोरच्या एवढ्याशा पट्ट्यात चौदा उजेड. आमचं रान सपाट आहे, धुऱ्याशिवाय आडोसा नाही, आणि त्या प्रत्येक उजेडाखाली गुडघाभर चिखलात खोरं घेऊन माझ्याच ओळखीचा कुणीतरी उभा होता. डोळेवाली जनावरं हळूच पुढे आली. रोही नव्हतीच. शेजाऱ्याच्या दोन कालवडी दावं तोडून आल्या होत्या.

मी माळ्यावरून उतरलो, कालवडी हाकलत त्याच्या बांधापर्यंत नेऊन दिल्या. तो म्हणाला, "बरं झालं बाबा तू जागा होतास." मला काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची बारा बोअर आहे, रीतसर परवान्याची. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची आणि आचारसंहिता उठली की आणायची, हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. बारा बोअर हे नावही मला त्यांनीच लहानपणी समजावलं होतं: नळीच्या तोंडाएवढे शिशाचे गोळे केले तर एका पौंडात बारा बसतात.

"काका, रोह्याला थ्री-फिफ्टीन बरी की तुमची ही?"

"तुला रोही मारायचंय की तूर राखायचीय?" काका म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहिले. "ही जवळची आहे. तीस-चाळीस पावलं. माळ्यावरून खाली मारली तर छर्रा मातीत जातो. तुझ्या रायफलची गोळी मातीत थांबेलच असं नाही. आणि ती बारकी बावीस रोह्यावर चालवशील तर ते पाप आहे. दोनशे किलोचं जनावर, मरायचं नाही, चार दिवस कुठंतरी कुजत पडायचं."

काकांनी बोअरचा एकही आकडा न उच्चारता जे सांगितलं, त्यात माझी सगळी वही आली होती. बावीस शिकारीला दुबळी, म्हणून क्रूर. थ्री-फिफ्टीन शिकारीला पुरेशी, पण सरावाला महाग, खांद्याला जड आणि आमच्या सपाट रानात धोक्याची. थर्टी-झिरो-सिक्स दोन्हींत गुणी, पण तिचा पल्ला आणखी लांब आणि तो थांबवायला माझ्याकडे डोंगर नाही. बोअर निवडताना मी कायम गोळी कशाला लागेल याचा विचार करत होतो. चुकली किंवा आरपार गेली तर कुठे थांबेल, हा विचार वहीत कुठेच नव्हता.

मी फक्त पॉइंट बावीसचा अर्ज भरला. कारण एकच: क्लबचा सभासद, टार्गेट सराव.

पुढची प्रक्रिया लांबली, पण अवघड नव्हती. सातबारा, आधार, प्राप्तिकराचं विवरण, क्लबचं सभासदत्व आणि शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मग ठाण्याची चौकशी. बीटचे जमादार घरी आले, शेजाऱ्यांना विचारून गेले, रायफल कुठे ठेवणार ते कपाट पाहिलं. कपाटाला तेव्हा साधं कुलूप होतं. त्यांनी सांगितल्यावर भिंतीत बोल्ट मारून लोखंडी पेटी बसवली आणि काडतुसांना वेगळी कुलपाची जागा केली. मध्ये एका कार्यालयात माझी फाइल दोन महिने एकाच टेबलावर पडून होती. चार चकरा झाल्या, त्या चारही चकरांना दुकान बंद ठेवावं लागलं, आणि कुणी नीट कारणही सांगितलं नाही. कायद्याने वागणाऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवणं बरोबर नाही, हे मी तिथेही बोललो आणि इथेही लिहितो. अखेर परवाना आला, राष्ट्रीय नोंदीतला युनिक नंबर पडलेला, पाच वर्षांच्या मुदतीचा. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीन वर्षांची होती.

रायफल आणायला त्याच शेठकडे गेलो. त्यांनी बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली आणि मला आतून पाहायला लावलं. आतले आटे उजेडात फिरत शेवटपर्यंत गेलेले दिसले. पावतीवर नंबर लिहिताना त्यांनी मोठ्याने वाचला, मी परवान्याशी ताडून पाहिला.

तुरीसाठी सौर झटका मशीन बसवली. तारेत थेट लाईट सोडणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका. त्याने जनावर मरतं आणि माणूसही मरतो. झटका मशीन ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका देते, जनावर बिचकतं आणि वळतं. तारेला गवत टेकू द्यायचं नाही, एवढं पाहावं लागतं. यंदा डुकरांनी एकदा खालून उकरलं, रोही मात्र आत आलं नाही. त्यापुढे गरज पडलीच तर काका वन विभागाकडे अर्ज करतील, ते त्यांच्या बंदुकीचं काम आहे.

आता माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीत अडकलं आहे. बावीसच्या गोळ्यांत वेगवान आणि साधा वेग असे दोन प्रकार येतात. वेगवान गोळी आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या, पुढे सुटते आणि वाटेत हळू होत ती हद्द ओलांडताना डगमगते. टार्गेटची गोळी मुळातच त्या वेगाच्या खाली ठेवतात, म्हणून ५० मीटरपर्यंत सरळ जाते. शिवाय प्रत्येक नळीला आपली आपली गोळी मानवते. सुभेदार साहेबांनी दोन वेगवेगळ्या डब्या दिल्या आहेत. पहिल्या डबीतले दहा बार गेल्या रविवारी झाले, कागद जपून ठेवला आहे: सात गोळ्या काळ्यात जवळजवळ, तीन डावीकडे वर. त्या तीन माझ्या की डबीच्या, हे दुसरी डबी झाडल्यावर कळेल. येत्या रविवारी पहाटे पाचची एसटी आहे.